पेपर झाल्यावर सांगू

आत्या, तू शब्द मोडलास.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. हसरा फोटो लावावा, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापावं आणि मोकळं व्हावं. तसा तुझा बोर्ड चौकात लागलाच होता. तालमीच्या पोरांनी लावला. त्यावरचा फोटो बघितला असतास तर तूच भडकली असतीस, गालांना नुसता गुलाबी रंग फासलाय. तो बोर्ड अख्ख्या मंगळवार पेठेनं वाचला, फक्त मी वेळेत वाचला नाही. शुक्रवारी सकाळी तू गेलीस, दुपारी तुझी माती झाली, रविवारी सकाळी रक्षाविसर्जन झालं. आणि रविवारी संध्याकाळी, मेडिकलच्या एन्ट्रन्सचा माझा पेपर सुटल्यावर, मला सांगण्यात आलं की तू नाहीस. दोन वर्षं तुझ्या घरात राहिले मी, तुझ्या ताटात जेवले. तुझं शेवटचं तोंड गल्लीतल्या दूधवाल्यानं बघितलं आणि मी बघितलं नाही.

का सांगितलं नाही म्हणून विचारलं की घरातले सगळे एकच उत्तर देतात. "तिनंच सांगितलंतं. पेपर होईपर्यंत मनीला कळवू नका म्हणून."

तूच! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. पण तू सांगितलंस म्हटल्यावर मी भांडू कुणाशी? म्हणून हे लिहायला बसले आहे. रडून झालंय, आता रागच उरलाय, आणि तो तुझ्यावर आहे.

आठवण करून देते तुला. माझी बारावीची बोर्डाची परीक्षा चालू होती, तेव्हा आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. मी वारणानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये पुस्तकं पसरून बसले होते आणि मला सांगितलं होतं की आई शाहूवाडीला माहेरी लग्नाला गेलीय. आपल्या घरात परीक्षा म्हणजे सगळ्यात मोठा देव. देवाला सुतक चालत नाही, पण परीक्षेला चालतं. घरात कुणी पडू दे, मरू दे, अभ्यासाला बसलेल्या पोराच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, पेपर झाल्यावर सांगू. शेवटचा पेपर झाला तसा मला दवाखान्यात नेलं. आई उठून बसली होती, केस विंचरलेले, माझ्याकडे बघून हसत होती. इतके दिवस मी तिच्यावर रुसले होते, की माझी बोर्डाची परीक्षा सोडून ही लग्नात मिरवतेय.

त्या कटात तूही होतीस म्हणून सगळ्यात जास्त मी तुझ्यावर ओरडले. तू ऐकून घेतलंस. आपल्या घरात मोठ्या माणसानं लहानाचं ओरडणं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणालीस, "चुकलं माझं. हितनं म्होरं तुझ्यापासनं काय बी लपवणार न्हाय. माझं मरण आलं तरी तुला पयलं सांगतो."

"मेल्यावर कसं सांगणार गं?"

"मेल्यावर न्हाय बाई, मराय लागलो की सांगतो. चालंल का तुला?"

मी चालेल म्हणाले. दोघी हसलो होतो तेव्हा. पण मी तो शब्द खरा धरला होता, आत्या. तू प्राथमिक शाळेतली बाई, सगळा जन्म पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंस. तुझा शब्द खरा धरायचा नाही तर कुणाचा धरायचा?

पुढं मी क्लाससाठी तुझ्याकडे राहायला आले, आणि माझं ते सुरू झालं. पहिल्यांदा झालं ते फिजिक्सच्या सराव परीक्षेत. हात गार पडले, प्रश्नाची अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती, आणि छातीत श्वास अर्ध्यावर येऊन थांबला. मला वाटलं मी मरतेय. क्लासच्या जिन्यात मला आणून बसवलं. सर म्हणाले, "रिलॅक्स." पप्पांना फोन लावला, ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस." हे एक मला कधी कळलं नाही. घरात चहाला आलेला प्रत्येक माणूस 'यंदा होणार ना?' असं विचारून जातो, क्लासच्या भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो एवढे मोठे लावतात की पाणी प्यायला जायची सोय नाही, आणि वर पुन्हा टेन्शन घेऊ नकोस! मी काय ते बाजारातनं पिशवीत भरून आणत होते?

तू आलीस. रिक्षातनं उतरलीस, जिना चढलीस, माझ्याकडे बघितलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझ्या आईच्या शाहूवाडीचा तांदूळ म्हंजे नुसता चिखल हाय बघ. कसा खाता वं तुम्ही?"

श्वास अडकलेला आणि ही तांदळाचं काय काढून बसलीय.

"गप बसलीस म्हंजे पटलं म्हन की."

"चिखल न्हाय काय," मी कसंबसं म्हणाले.

"मग काय लापशी म्हनायची त्याला?"

"तुला शिजवाय येत न्हाय! पाणी किती घालतीस तू!" मी ओरडले. जिना घुमला. आणि ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की माझा श्वास चाललाय. तू शेजारी पायरीवर टेकलीस आणि म्हणालीस, "भांडणाऱ्या माणसाचा श्वास अडकत न्हाय. वरडायला हवा लागती की."

तेवढ्यावर तू थांबली नाहीस. मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलंस. पप्पा तणतणत वारणेहून आले. "डॉक्टर व्हायला निघालीय आन हिलाच डॉक्टर? कुणी बघितलं तर काय म्हणतील, अक्का?"

"पाय मोडला असता तर प्लास्टर बघतील म्हणून पोरीला आतल्या खोलीत कोंडली असतीस व्हय रं संभा?" तू विचारलंस. तुझ्यापुढं त्यांचं काही चालत नसे. त्या डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, हा आजार आहे आणि तो बरा होतो हे सांगितलं. एवढं साधं वाक्य कुणीतरी आधी सांगितलं असतं तर! गोळ्या डॉक्टरांच्या आणि भांडण तुझं, असं आपलं औषधपाणी चालू झालं. माझे हात गार पडायला लागले की तू काहीतरी काढायचीस. मी मुद्दाम पलीकडच्या पेठेच्या फुटबॉल टीमची बाजू घ्यायची. त्यावर तू अशी पेटायचीस की शेजारची आफरीन वही घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "मावशी, मला बी ऐकायचंय, मला बी केमिस्ट्रीचं लई भ्या वाटालंय."

तुझे उपकार किती आहेत ते मला माहीत आहे. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले तेव्हा पेढ्यांऐवजी तू भजी तळलीस आणि गल्लीत वाटलीस. कशाची म्हणून विचारणाऱ्याला सांगितलंस, "पोरगी धीरानं बसली आन पेपर पुरा लिवून आली, त्याची." घरात कुणालाही न दिसलेली गोष्ट तुला दिसली होती. पण म्हणूनच राग जास्त येतो. परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन विसरतो.

परीक्षेला महिना राहिला तसं पप्पा मला न्यायला आले. म्हणाले, फुटबॉलचा सीझन आहे, पेठेत रोज मिरवणूक, रोज फटाके, अभ्यास कसा होणार. मला ते पटलं नव्हतं, गेल्या वर्षीही फटाके होतेच. तू दारात उभी होतीस, पोटावर हात दाबून. पप्पा गाडी काढत होते. तू म्हणालीस, "मला हे पसंत न्हाय बघ मने. पोट दुखतंय माझं, तपासण्या चालू हायत. रिपोर्ट आला की मी तुला सांगतो."

असं म्हणाली होतीस ना? मग रिपोर्ट आला तेव्हा काय झालं?

वारणानगरला माझा मोबाईल पप्पांनी कपाटात ठेवला, सगळ्यांच्याच घरी ठेवतात तसा. तुझ्याशी बोलायचं ते आईच्या फोनवरून. सुरुवातीला दोनदा बोललो. तुझा आवाज थकलेला होता पण माझ्या बायोलॉजीच्या मार्कांवरून मला झाडण्याइतका दम होता. मग बोलणं बंद झालं. मी विचारलं की आई म्हणायची, "आत्याचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय." आणि निरोप यायचे. आत्यानं सांगितलंय, वेळेवर जेव. आत्यानं सांगितलंय, झोप पुरी कर. परीक्षेच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आत्यानं बेस्ट ऑफ लक सांगितलंय."

तुझ्या राखेवर त्या वेळी पाणी शिंपडत होते. आणि इथं तुझ्या नावानं बेस्ट ऑफ लक! मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालताना जीभ कशी अडखळली नाही यांची? आणि तेही असले गुळमुळीत शब्द, जे तू जन्मात कधी उच्चारले नाहीस.

केंद्र कोल्हापुरातच होतं. पप्पांना ड्युटी आहे म्हणून सांगितलं होतं, आई आणि शेजारचे काका मला घेऊन आले. फाटकात कानातलं काढलं, नाकातली चमकी निघेना म्हणून तिथल्या बाई ओढत होत्या, डोळ्यांत पाणी आलं. रांगेत आफरीन भेटली. तिनं मला मिठी मारली आणि सोडेचना. मला वाटलं घाबरलीय. मीच तिला म्हणाले, "काय न्हाय होत गं."

पेपर सुरू झाला. बायोलॉजी झालं. फिजिक्सला हात गार पडले. तेच सगळं, अक्षरं, छाती, श्वास. डॉक्टरांनी सांगितला तसा श्वास घ्यायला बघितला, जमेना. मग मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायला लागले. एवढा कसला गं तुझा घसा बसलाय? दोन शब्द बोलली असतीस तर काय मोडलं असतं? मी इतके दिवस वाट बघतेय आणि तू निरोप पाठवतेस, मी काय शाळेतली पोर आहे? तूही उत्तरं देत होतीस, चांगली ठणठणीत. आपलं कडाक्याचं भांडण झालं, आणि श्वास चालू झाला. मी पुढचा प्रश्न वाचला. शेवटच्या घंटेपर्यंत मी एकेक गोल काळा करत होते आणि मधून मधून तुला सुनावत होते. आत्या, तू त्या वेळी कुठंच नव्हतीस. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले नसते गं तुझ्याशी. निदान त्या दिवशी तरी नसते भांडले.

बाहेर पप्पा उभे होते. डोक्याला पांढरी क्रिकेटची टोपी. पप्पांनी आयुष्यात टोपी घातली नाही. मी लांबूनच हसले, "पप्पा, टोपी भारी हाय की!"

"पेपर कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"बरा गेला. आत्याकडं जाऊया आधी."

"फिजिक्स जमलं का?"

"जमलं. आत्याचा घसा बरा झाला का?"

तेव्हा त्यांनी टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं. सकाळी रक्षेच्या वेळी घाटावर काढलेले केस, ते पेपर सुटेपर्यंत दिसू नयेत म्हणून घातलेली टोपी. आजूबाजूला आईबाप पोरांना सरबत पाजत होते, उत्तरं ताडून बघत होते. मी तिथं फुटपाथवर बसले. आणि माझ्या डोक्यात काय येत होतं सांगू? आधी पेपर विचारला. फिजिक्ससुद्धा आधी विचारलं.

आफरीन नंतर आली, माझ्यासमोर उभी राहून रडली. शुक्रवारी ती तुझ्या उशाशी बसून होती. दारातून तुला नेईपर्यंत होती. आणि रविवारी तिनं तोच पेपर दिला. "तुझ्या पप्पांनी हात जोडलते गं माझ्यापुढं," ती म्हणाली, "मी काय करणार होतो?" तिच्यावर मी रागावले नाही. उलट मला तिचा हेवा वाटला. दुःख घेऊन पेपर देता येतो, हे तिनं करून दाखवलं. मला ते करून बघण्याची संधीच दिली नाही कुणी. काचेचं भांडं समजून कापडात गुंडाळून ठेवलं.

बाराव्याला जेवणाच्या पंगतीत नातेवाइकांचं एकच चाललं होतं. "दाबून ठेवलं ते बेस झालं. कळलं असतं तर पोरगी बसलीच नसती पेपरला." प्रत्येक जण माझ्या पाठीवर हात फिरवून जात होता, जसं काही त्यांनी मिळून मला पास केलं होतं. रिझल्ट अजून यायचा आहे. आणि माझी अशी कोंडी झालीय की काय मागावं तेच कळत नाही. पास झाले तर यांचं खरं ठरणार, आणि पुढं या घरातल्या प्रत्येक पोराला माझं उदाहरण देऊन फसवणार. नापास झाले तर तुझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात. माझं यश कसंही झालं तरी या लपवालपवीच्या खात्यात जमा होणार, हे मला सहन होत नाही.

इथवरचं सगळं मी परवाच लिहून ठेवलं होतं, आणि एवढं विचारून इथंच थांबणार होते. तू शब्द का मोडलास? माझ्यावर तुझाही विश्वास नव्हता का? तू जिन्यात ओरडायला लावलेली पोरगी तुलाही शेवटी काचेचीच वाटली का? एवढंच.

पण काल दुपारी तुझ्या घरी आम्ही तिघं जेवत होतो. तुझी भांडी आई पोत्यात भरत होती, मध्येच थांबून जेवायला बसलो. पप्पा म्हणाले, "रिझल्ट लागला की अक्काच्या फोटोपुढं पेढे ठेवायचे. तिनं सांगितलंतं म्हणून आपण गप बसलो. तिचंच पुण्य हाय हे."

मी ताट सरकवलं. म्हणाले, पुण्य कसलं, पाप आहे ते. ती खोटारडी होती. मला शब्द दिला आणि मोडला. मला तिच्या फोटोपुढं काहीही ठेवायचं नाही.

आईनं हातातला घास ताटात ठेवला. ती पप्पांकडे वळली. "आवं, आता तरी सांगा. किती दिवस त्या बाईच्या माथ्यावर ठेवणार हाईसा?"

"तू गप बस."

"न्हाय बसत. रोज फोन करायच्या ताई. रोज. मनीला दे म्हणायच्या. आन मी सांगायचे, झोपलीय. दिवसाढवळ्या झोपलीय म्हणून सांगायचे."

पप्पा भिंतीकडे बघत होते. मग एकदम ओरडले, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर इतक्या मोठ्यानं. "व्हय! मीच न्हाय सांगितलं! ती म्हणालीवती, मनीला घेऊन ये. गुरुवारी दुपारी. मी म्हणालो, अक्का, रविवारी पेपर हाय. तर म्हणाली, घेऊन ये, तिला पेपरला बसवायची जबाबदारी माझी."

"मग?"

"मग आलतो की वारणेला तुला न्यायला. तू टेस्ट सोडवत बसलीवतीस. हात थरथरत न्हवता तुझा. मी दारातनं बघितलं." त्यांचा आवाज खाली आला. "आन परत गेलो. एकटाच."

मी विचारलं, तिला काय सांगितलंत.

पप्पा तांब्यातलं पाणी प्याले. मग म्हणाले, "सांगितलं, ती येत न्हाय म्हणाली. पेपर झाल्यावर येती म्हणाली."

आत्या, म्हणजे तुलाही तेच. मला सांगितलं तू नको म्हणालीस, तुला सांगितलं मी नको म्हणाले. मधे उभं राहून दोन्हीकडे दार लोटून घेतलं. मला त्या क्षणी पप्पांचा इतका राग आला की तो मी इथं लिहू शकत नाही. आणि त्यांच्या डोक्यावरचे नुकते उगवलेले पांढरे खुंट बघून त्यांची दयाही आली, त्याचाही मला राग आला. मी फक्त एवढंच विचारू शकले, "त्यावर ती काय म्हणाली?"

पप्पांनी डोळे पुसले.

"म्हणाली, संभा, तू खोटं बोलालाईस. माझी मनी असं म्हणायची न्हाय."

तू एवढी आजारी, आणि तुझ्या सख्ख्या भावानं तोंडावर सांगितलेलं तू मानलं नाहीस. माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. आणि तुझ्याबद्दल हेच मला सांगितलं, तेव्हा मी मानलं, आत्या. लगेच मानलं.